मोहाला साक्षीला उभं करा!



वन हक्काचे दावे परत यायला लागले आहेत. ग्रामसभेने ठराव करून पाठवलेले कागद तालुक्याच्या कचेरीतून खाली येतात, तेव्हा त्यांवर एकच ओळ लिहिलेली असते. कुठं लिहितात, पुरावा अपुरा. कुठं लिहितात, १३ डिसेंबर २००५ च्या आधीचा कब्जा दिसत नाही. आणि कुठं लिहितात, जागेवर मोठी झाडं आहेत, सबब हे जंगल आहे, शेती नाही.

ही शेवटची ओळ नीट वाचा. दहा जणांना वाचून दाखवा. आजचा हा लेख त्या एका ओळीला उत्तर म्हणून आहे.

साहेब म्हणतात, तुमच्या शेतात मोहाचं झाड आहे म्हणून ते शेत नाही. आम्ही म्हणतो, मोह आहे म्हणूनच ते शेत आपलं आहे, आणि कालपरवाचं नाही, आजा-पणज्यापासूनचं आहे. दोघांपैकी खरं कोण, ते ठरवायला कचेरीत बसून चालणार नाही. झाडापाशी यावं लागेल.

झाड काय सांगतं

रानात दाट झाडीत वाढलेला मोह बघा. चारी बाजूंनी दुसऱ्या झाडांची गर्दी असते, म्हणून तो उजेडासाठी वर वर जातो. खोड सरळ, उंच, खालच्या फांद्या गळून गेलेल्या. आता आपल्या शेताच्या बांधावरचा मोह बघा. खोड आखूड आणि जाड, फांद्या खालपासूनच फुटलेल्या, पसारा एवढा की दुपारी दहा गुरं सावलीत बसतील. असं का? कारण तो लहान होता तेव्हाच त्याच्या भोवती मोकळं होतं. उजेड चारी बाजूंनी मिळाला, म्हणून तो आडवा पसरला. झाड म्हातारं झाल्यावर भोवतालची जागा साफ केली तर त्याचा सांगाडा बदलत नाही. म्हणजे त्या झाडाच्या लहानपणीच कोणीतरी ती जागा मोकळी केली होती आणि पुढंही मोकळी ठेवली होती. कोणी? वाघाने तर नाही!

शेताच्या कडेचा ऐन बघा. त्याच्या खोडावर आणि फांद्यांवर मुठीएवढ्या, डोक्याएवढ्या गाठी आहेत. त्या रोगाच्या नाहीत. दर दोन-तीन वर्षांनी राबासाठी फाटी तोडली, पुन्हा फुटवा आला, पुन्हा तोडली, त्याच्या त्या गाठी. राब म्हणजे काय ते आपल्याला सांगायला नको. पण साहेबाला सांगावं लागेल की उन्हाळ्यात फाटी, पाला, शेण रोपाच्या जागेवर पसरून जाळतात, पाऊस पडला की तिथंच भाताचं, नागलीचं रोप करतात. ज्याला शेती नाही तो राब कशाला भाजेल? ऐनाच्या गाठी म्हणजे आपल्या शेतीचा हिशेब आहे. तो तलाठ्याच्या वहीत नाही, झाडाच्या अंगावर आहे.

मोहाच्या बुंध्याशी शेंदूर लावलेला दगड आहे. कुठं वाघदेव, कुठं गावदेव, कुठं हिरवा. पेरणीच्या आधी, नवं धान्य खायच्या आधी तिथं नारळ-कोंबडं होतं. शिवाय कोणत्या मोहाची फुलं कोण वेचतं हे पाड्यावर लहान पोरालाही ठाऊक असतं. चैत्रात पहाटे बाया टोपल्या घेऊन निघतात तेव्हा कोणी दुसऱ्याच्या झाडाखाली बसत नाही. आजीने वेचलं, मग सुनेने, मग नातीने. ही वहिवाट कोणत्या दप्तरात नोंदली नाही, पण आजवर मोडली पण नाही.

मोहाने काय काय पाहिलं

आपल्या भागात दोन माणसांच्या कवेत न मावणारे मोह अजून पुष्कळ पाड्यांवर उभे आहेत. फूल धरायलाच हे झाड दहाएक वर्षं घेतं, आणि सावकाश वाढतं. त्यांतले किती तरी जंगल खात्यापेक्षा वयाने मोठे असतील. कारण खातं काही अनादी काळापासून नव्हतं. इंग्रजाने ते १८६४ साली काढलं. १८६५ साली जंगलाचा पहिला कायदा केला आणि १८७८ साली दुसरा, जास्त कडक.

त्याच काळात मुंबईहून सुरतेकडे किनाऱ्याने रेल्वे गेली. रुळाखाली घालायला लाकूड हवं, मुंबईच्या इमारतींना वासे हवेत, शहराच्या चुलींना कोळसा हवा. ठाणे जिल्ह्याचं जंगल गाड्या भरभरून उतरलं. कुऱ्हाड आपल्याच माणसाच्या हातात होती हे खरं. पण मजुरी ठेकेदार देत होता, आणि पैसा कोणाच्या घरी गेला ते त्याच्या वाड्यावरून कळतं.

१८७८ च्या कायद्याने राखीव जंगल ठरवताना रीत अशी ठेवली की सरकार जाहीरनामा काढणार, तीन महिने किंवा जास्त मुदत देणार, आणि ज्याचा हक्क असेल त्याने तो मुदतीत मांडायचा. मांडला नाही तर हक्क बुडाला. आता सांगा, त्या काळी पाड्यावर जाहीरनामा वाचणारा कोण होता? हक्क मांडायला शहरातल्या कचेरीत कोण जाणार होता? मुदत संपली, आणि कसत असलेला माणूस एका रात्रीत अतिक्रमणवाला झाला. तो जागचा हलला नव्हता. मोह पण हलला नव्हता. हलली ती फक्त नकाशावरची रेघ. हीच रीत १९२७ च्या कायद्यात पुन्हा आली आणि तो कायदा आजही चालू आहे.

लोक गप्प बसले नाहीत. राबाची फाटी तोडायला बंदी आली तेव्हा ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत इतकी ओरड झाली की १८८५ साली सरकारला त्या तक्रारींसाठी कमिशन नेमावं लागलं. म्हणजे सरकारच्याच दप्तराप्रमाणे सव्वाशेहून जास्त वर्षांपूर्वी इथं राब होता. राब होता म्हणजे शेती होती. शेती होती म्हणजे कसणारे होते. ते कोण होते हे १८८२ साली सरकारने छापलेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये आहे. वारली, काथोडी, ठाकूर, कोळी अशी नावंच दिली आहेत. मग आज कोणत्या तोंडाने विचारतात की तुम्ही कधी आलात?

पुढं १८९२ साली मुंबई सरकारने खास मोहाच्या फुलांसाठी कायदा केला आणि तो ठाणे, कुलाबा जिल्ह्यांत लावला. आपल्याच झाडाचं फूल घरात बाळगायला, नेआण करायला बंधन आलं. सांगायला दारूबंदी, पण दारू बंद करायची नव्हतीच. उरणच्या भट्ट्यांत मोहाचीच दारू गळत होती, परवान्याच्या दुकानात विकली जात होती, आणि सरकारला तिच्यावर कर मिळत होता. आपलं फूल मात्र गुन्हा. दुष्काळात, पावसाळ्याच्या आखरीला कोठी रिकामी झाली की भाजलेला मोह खाऊन दिवस काढणाऱ्या माणसाच्या तोंडचा तो घास होता.

जमीन गेली ती सावकार-जमीनदाराकडे. मग वेठ आली. लग्नाला कर्ज काढलं म्हणून जन्मभर नवरा-बायकोने राबायचं, त्याला नाव लग्नगडी. मोहाला बांधून माणसाला मारलेलं ज्यांनी पाहिलं असे म्हातारे आता फार उरले नाहीत. पण त्यांनी सांगितलेलं ऐकणारे अजून आहेत. मे १९४५ मध्ये झरीला हजारो वारली जमले आणि वेठ करणार नाही असं ठरवून उठले. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाड्याला गोळीबार झाला. जेठ्या गांगड आणि त्याचे सोबती पडले. वेठ मोडली ती कोणा साहेबाच्या सहीने नाही, त्या माणसांमुळे.

धान्याची टंचाई आली तेव्हा त्याच सरकारने एकसाली प्लॉट दिले. जंगलात शेती करा, धान्य पिकवा, पट्टा एका वर्षाचा. टंचाई सरली आणि तोच माणूस पुन्हा चोर. १९७५ साली खाजगी जंगलं सरकारने ताब्यात घेतली. त्यांत कागदावर जंगल लिहिलेल्या पण कुळं कसत असलेल्या वरकस जमिनीही गेल्या. १९८० साली वन संवर्धन कायदा आला आणि दार आणखी बंद झालं. ३ मे २००२ ला दिल्लीहून पत्र निघालं की ३० सप्टेंबरपर्यंत सगळी अतिक्रमणं हटवा. म्हणजे पेरणी ते कापणीच्या मधे. ते पत्र लिहिणाऱ्याने भात कधी कापतात याचा विचार केला असेल असं वाटत नाही.

एवढं सगळं झालं, आणि प्रत्येक वेळी एकच गोष्ट झाली. कागद लिहिणारे ते, ठेवणारे ते, आणि कागद नाही म्हणून आपल्याला दोष देणारेही तेच. गार्ड पाड्यावर आला, कोंबडी घेऊन गेला, तांदूळ घेऊन गेला, नांगर जप्त करून सोडला. कोंबडीची पावती कोणी देतं का? आता म्हणतात, दंडाची पावती असेल तरच दावा खरा. म्हणजे ज्याने कायद्याने दंड केला त्याचा माणूस सुटला, आणि ज्याला बेकायदा लुटलं तो पुराव्यावाचून मेला!

राखलं हाच गुन्हा?

आता त्या ओळीकडे परत या. जागेवर मोठी झाडं आहेत, सबब जंगल.

आपल्या शेतात मोह का आहे? जागा मोकळी करताना पूर्वजांनी मोह, आंबा, हिरडा, ताड राखले म्हणून. मोहाखाली भात कमी येतो हे त्यांना कळत होतं. तरी राखला. कारण मोह म्हणजे फूल, बियांचं तेल, पत्रावळीला पान, गुरांना सावली, देवाला जागा. भात एक वर्ष बुडेल, मोह उपाशी मरू देणार नाही, हा त्यांचा हिशेब.

आज कुठं कुठं उपग्रहाचा फोटो काढून दाखवतात. आभाळातून बघितलं की खाली हिरवा गोल दिसतो. तो मोहाचा पसारा. त्याच्या खाली आणि भोवती नागलीचं, वरईचं रान आहे, बांध आहे, ते फोटोत दिसत नाही किंवा गवतासारखं दिसतं. साहेब हिरवा गोल मोजतो आणि लिहितो, जंगल.

म्हणजे ज्याने झाड राखलं त्याचा दावा गेला. ज्याने शेत उघडंबोडकं केलं त्याचं शेत फोटोत स्वच्छ दिसतं! आणि उद्या आपण त्या फोटोला घाबरून मोह तोडला तर? तर म्हणतील, बघा, आदिवासी जंगल तोडतात, यांना जमीन देऊ नका. राखलं तरी मेलो, तोडलं तरी मेलो. आम्ही विचारतो, हे संवर्धन आहे की सापळा आहे?

शहरातले काही शिकलेले लोकही मनापासून म्हणतात की जंगल वाचलं पाहिजे, हक्क दिले तर ते संपेल. त्यांच्याशी आमचं वैर नाही. आम्हालाही जंगल हवं आहे, त्यांच्यापेक्षा जास्त हवं आहे, आमचं पोट त्यावर आहे. त्यांनी एकदा येऊन बघावं. साग लावायचा म्हणून मिश्र रान कोणी साफ केलं? ज्या सागाखाली ना कंद उगवत, ना गुराला चारा, तो ओळीत कोणी उभा केला? आणि शंभर वर्षांचे मोह कुठं टिकले? जास्त करून माणसाच्या शेतात, देवाच्या जागेत आणि पाड्याच्या शिवेत. ज्या झाडांना धनी होता ती वाचली.

कायदा काय म्हणतो

हा कायदा भीक म्हणून मिळालेला नाही. देशभर मोर्चे निघाले, माणसं तुरुंगात गेली, तेव्हा २००६ चा वन हक्क कायदा झाला. त्याचे नियम १ जानेवारी २००८ पासून लागू आहेत. त्यातला नियम १३ म्हणजे पुराव्याचा नियम. तो प्रत्येक वन हक्क समितीने पाठ करावा.

नियम १३ मध्ये पुराव्यांची यादी आहे. सरकारी कागद, नकाशे, गॅझेटियर, उपग्रहाचा फोटो हे त्यात आहेत. पण ते यादीतले काही पुरावे आहेत, सगळी यादी नव्हे. फोटो इतर पुराव्यांपेक्षा मोठा असं त्यात कुठंही म्हटलेलं नाही. त्याच यादीत घर, झोपडी, जमिनीचं सपाटीकरण, बांध आणि तशाच कायमच्या सुधारणा आहेत. विहीर, स्मशान, देवाची जागा आहे. आणि दावा करणारा सोडून इतर वडीलधाऱ्या माणसांचा लिहून घेतलेला जबाब आहे. यांतले एकापेक्षा जास्त पुरावे विचारात घ्यावेत असा नियम आहे. म्हणजे दोन चांगले पुरावे असले की दावा उभा राहतो.

यादीत मोहाचं नाव लिहिलेलं नाही, हे आम्हाला माहीत आहे. म्हणून नुसतं झाड दाखवून थांबू नका. झाडापाशी काय काय आहे ते बघा. मोह बांधावर आहे, बांध हा पुरावा. बुंध्याशी देव आहे, देवाची जागा हा पुरावा. त्या झाडाची फुलं या घराने तीन पिढ्या वेचली असं शेजारची म्हातारी सांगते, तिचा जबाब हा पुरावा. एका मोहाखाली तीन पुरावे झाले! मोह त्या तिघांना एकत्र बांधतो आणि ते किती जुने आहेत ते सांगतो.

आणखी एक लक्षात ठेवा. दाव्याची तपासणी आणि मान्यता पूर्ण होईपर्यंत कोणाला जमिनीवरून हटवता येत नाही. ते कलम ४ (५) मध्ये आहे. कोणी चर खणायला, रोपं लावायला शेतात आला तर भांडू नका, पळू पण नका. सगळे मिळून जा आणि हे कलम दाखवा.

आता काय करायचं

१. प्रत्येक पाड्यावर वन हक्क समितीने शेताशेतात जाऊन जुनी झाडं मोजावीत. छातीच्या उंचीला दोरी लावून घेर मोजा. गार्डही असाच मोजतो. झाडाचं नाव, घेर, बांधापासून अंतर, खाली देव आहे का, फुलं कोण वेचतं, सगळं लिहा.

२. ऐनाच्या राबाच्या गाठींची नोंद पंचनाम्यात करा. पंचनाम्याला जंगल खात्याला आधी लेखी कळवा. कळवून आले नाहीत तर तसं लिहा आणि काम पुढं चालवा.

३. वडीलधाऱ्यांचे जबाब या महिन्यातच घ्या. म्हाताऱ्या बायांना विसरू नका. मोहाचा इतिहास पुरुषांपेक्षा त्यांना जास्त ठाऊक असतो. जबाब वाचून दाखवा, मग अंगठा घ्या. म्हातारं माणूस गेलं की तो पुरावाही गेला.

४. खोटं लिहू नका. जिथं शेती नव्हती तिथला मोह आपल्या दाव्यात ओढू नका. एक खोटा दावा सापडला की त्याच्या आडोशाने पन्नास खरे पाडतात.

५. झाड विकू नका. ठेकेदार येतो, आंब्या-मोहाला चार पैसे दाखवतो, अडचणीत असलेला माणूस हो म्हणतो. अडचण असेल तर पाड्याला सांगा, संघटनेला सांगा. झाड गेलं की फूल गेलं, सावली गेली, आणि साक्षीदारही गेला.

६. दावा नाकारला असेल तर कारण लेखी मागा. तोंडी ऐकून घरी येऊ नका. उपविभागीय समितीच्या निर्णयावर जिल्हा समितीकडे ६० दिवसांत दाद मागता येते. कागद हातात पडला ती तारीख लिहून ठेवा. आणि अर्जात स्पष्ट लिहा की समितीने जागेवर येऊन पाहणी करावी.

शेवटचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. साहेबांना मोहाखाली बोलवा. चैत्रात बोलवा, फुलं पडत असताना. ज्या बाया तिथं वेचत असतील त्यांनाच बोलू द्या. मग साहेबांनी ठरवावं, आभाळातून काढलेला फोटो खरा की जमिनीवर उभं असलेलं झाड खरं.

१८७८ साली जाहीरनामा वाचणारं कोणी नव्हतं, म्हणून हक्क बुडाला. आज आपली पोरं वाचतात, आपण लिहितो, हा अंक तुमच्या हातात आहे. मुदतीत, एकजुटीने, सगळ्या पाड्यांनी अर्ज करू.

जमीन आपली, जंगल आपलं, मोह साक्षीला आहे.

जिंदाबाद!